गप्प बसण्याचं शिक्षण

४ फेब्रुवारी
"डोंगराआडून प… प… प…" या स्वप्नातल्या आवाजानेच जाग आली. चाळीस वर्षं झाली त्याला. सातवीचा वर्ग, कवितेचा तास. माझाच मुलगा माझ्याच वर्गात उभा, आणि ओळ 'प'पाशी अडलेली. मी 'पहाट' म्हणून मोकळा झालो, पुढची सगळी कविता चालीत म्हटली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. हा किस्सा शंभरदा सांगितला असेल मी.

मुलगा आता परगावी. फोनवर बोलत नाही, मेसेज करतो. 'पोचलो.' 'औषध घ्या.'

७ फेब्रुवारी
त्याची मुलगी, माझी नात, इथे माझ्याकडे राहून मानसोपचार शिकते. आधी कॉलेजची पाच वर्षं, आता रुग्णालयात दोन. वर्गमैत्रिणींच्या सरावाच्या मुलाखती टेप करायच्या, शब्द न् शब्द उतरवायचा. मधली शांतता किती सेकंद, तेसुद्धा! मग मार्गदर्शक बाई लाल पेन चालवतात. आज वही दाखवली. समासात शेरा — 'इथे घाई केलीस. तिचं वाक्य तिला पुरं करू दे.'

जन्मभर मुलांचे उच्चार तपासले मी. न उच्चारलेलंही तपासणारी शिक्षिका पहिल्यांदा पाहिली. शेऱ्यावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसलो.

"म्हणजे सात वर्षं शिकून गप्प बसायला शिकलीस. तुझ्या आजीला ते कॉलेजात न जाता येत होतं."

"तिला नव्हतं येत, आजोबा. तुम्ही बोलू देत नव्हता. तुमच्यावर सराव करू?"

९ फेब्रुवारी
केला. मी अर्थात तोच किस्सा सांगितला. टाळ्यांपर्यंत आलो. ती हसली नाही. 'मग?' असंही म्हणाली नाही. नुसती बघत राहिली — इतक्या मायेने, की मला उठून जाता येईना. टेपवर ते चाळीस सेकंद भरले. आणि माझ्याच तोंडून निघालं, "त्याला खाली बस म्हणायचं राहिलं. घंटा होईपर्यंत उभा होता पोर."

कुठे होतं हे इतकी वर्षं?

१० फेब्रुवारी
"तुझ्या बाबाला सांगशील?" मी विचारलं.

"खोलीतलं खोलीतच राहतं, आजोबा. तुमचं तुम्ही सांगा."

शिक्षण संपलं की अडखळत बोलणाऱ्यांसाठीच काम करायचंय तिला. का, ते मी विचारलं नाही. थोडा शहाणा झालोय.

१७ फेब्रुवारी
सात दिवस धीर गोळा केला. आज फोन लावला. पलीकडून "हॅ… हॅ…" माझ्या जिभेवर आलेला शब्द मी गिळला. घड्याळाकडे बघत थांबलो. "हॅलो" आलं, सतरा सेकंदांनी. स्वच्छ, पुरं, त्याचं स्वतःचं. आणि मग माझंच वाक्य निघेना! फोन बंद झाला. सगळं मुसळ केरात.

१८ फेब्रुवारी
सकाळी बेल. दूधवाला असेल म्हणून पातेलं घेऊनच दार उघडलं. मुलगा. खांद्याला पिशवी, प्रवासाने चुरगळलेला सदरा. "ब… ब…"

'बाबा' म्हणतोय, हे मला कळलंच होतं. तरी ओठ मिटून, पातेलं छातीशी धरून उभा राहिलो. या वेळी सेकंद मोजले नाहीत.

शब्द आला. वेगळाच होता.

"बसू का?"