नाव न घेतलेला पाणवठा

ॲडलेड, मंगळवार

मर्टलताई, मी शेकोटीपाशी बसून बोलतोय असं समजून वाच.

सुखरूप पोचलो. गुडघाही कुरकुरत नाही. तुझ्या कुत्रीचा पाय बरा झाला का?

अणुकचरा पुरणाऱ्या साहेबाला मी प्रश्न विचारून भंडावलं. पिंपांत नक्की असतं काय? म्हणे हातमोजे, माती, इस्पितळातलं सामान. आणि विष उतरणार कधी? “तीनशे वर्षांनी, आजोबा.” म्हटलं, “तोवर राखणीला तूच बसणार का रे?” नुसता हसला.

मग त्याने नकाशा उलगडला. आपल्या पाणवठ्यावर लिहिलंय, ‘नाव नाही, वापर नाही.’ मोजणीवाला आला तेव्हा दाजी नुकतेच गेले होते, आठवतं? पाणवठ्याचं जे नाव, तेच त्यांचं. आपल्या रीतीप्रमाणे गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून आपण सगळे पायांकडे बघत उभे राहिलो. त्याला वाटलं, जागेला नावच नाही!

पंधरवड्याने सुनावणी आहे. तिथे मी नाव सांगितलं नाही, तर पिंपं आपल्या पाणवठ्यावरच येतील. पण दाजींचं नाव पुन्हा घ्यायला मोकळं करायचा हक्क तुझा, त्यांची बायको तू.

दुकानातून फोन कर. हो-नाही काही बोलू नकोस. तू फक्त त्यांचं नाव घेतलंस, की मी समजेन.

तुझा धाकटा,
स्टॅन