दर गुरुवारी पहिल्यापासून

मॅडम,

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. इंदिरानगरच्या घरात, स्वयंपाकघरात बसून तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी म्हटलं होतं, "अजून कुणालाच माहीत नाही." आता थोडंफार माहीत झालंय. ते तुम्हाला सांगावं असं कितीतरी दिवस मनात घोळत होतं. आज रविवार, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसलेय.

नव्वदच्या दशकातलं आपलं कॉलेज आठवलं की मला आधी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा वास येतो. मी इगतपुरीहून पॅसेंजरने अप-डाऊन करायची. वडील रेल्वेत गँगमन होते आणि घरात सायन्सला गेलेली मी पहिलीच. पावसाळ्यात घाटमाथ्यावरून निघताना जी भिजायची ती नाशिकरोडला उतरेपर्यंत वाळायची नाही, आणि इथे बघावं तर लख्ख ऊन. मी वर्गात ओलीचिंब शिरले की मुली हसायच्या. तुम्ही मान वर न करता हजेरी घेत म्हणायचात, "इगतपुरी आली का?" माझं नाव तुम्हाला ठाऊक होतं, पण तीन वर्षं मी इगतपुरीच राहिले. एकदा प्रॅक्टिकलला मी दोन चेतापेशींची आकृती काढली आणि त्या एकमेकींना चिकटवून टाकल्या. तुम्ही जर्नल सगळ्यांसमोर उंच धरलंत. "ही काय गाठ मारलीस? इथे फट असते. अगदी बारीक असते, पण असते. फट आहे म्हणून तर एकीला दुसरीकडे निरोप पाठवावा लागतो. परत काढ." मला रडू फुटलं होतं. मी परत काढली, ती बरोबर आली, आणि तुम्ही नुसती सही केलीत. 'छान' लिहायची तुम्हाला सवयच नव्हती.

मग मला बंगलोरला संशोधनासाठी प्रवेश मिळाला. तुम्ही घरी बोलावलंत. मला वाटलं पुस्तक द्याल. तुम्ही एक छोटा कुकर हातात ठेवलात. "रिसर्च करणारी पोरं बिस्किटांवर जगतात. वरणभात लावत जा," म्हणालात. काका, म्हणजे तुमचे यजमान, आतून हसत म्हणाले, "शिट्टी नीट बसवायला शिकव तिला." काका धरणांच्या कामावर इंजिनीअर होते, त्यांना झाकणं, दारं, झडपा यांची फार काळजी.

माझी पीएचडी त्याच फटीवर झाली, स्मृती जात चाललेल्या उंदरांच्या मेंदूत. सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात ती जागा. ते काम संपवून परत आले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. परदेशातल्या जागेचं पत्र यायला वेळ होता, म्हणून आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. का, ते स्टाफरूममध्ये कुणी नीट सांगेना. एका गुरुवारी तास संपवून मी सरळ तुमच्याकडे आले. काकांनी मला दारातच थांबवलं. "तिला फार काही विचारू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आजाराचं नाव तर अजिबात काढू नकोस. वयामुळे विसरायला होतंय, असं सांगितलंय तिला."

तुम्ही ओट्यापाशी स्टुलावर बसून मेथी निवडत होतात. काड्या परातीत साठत होत्या आणि पानं खाली कचऱ्यात. मी समोर बसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग परातीकडे, आणि हात थांबवलात.

"काय म्हणाले हे दारात?"

"काही नाही, मॅडम."

"खोटं बोलता येत नाही तुला. अगं, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंय मी. मला काय झालंय ते मला कळत नाही, असं वाटतं यांना? रोज सकाळी माझी तोंडी घेतात. वार कोणता, काल भाजी कोणती केली. चुकलं की यांचा आवाज चढतो. तुझ्या लॅबमध्ये उंदरांना हेच होतं ना? सांग मला. आणि गोड करून सांगू नकोस."

मी दाराकडे पाहिलं. काका उंबऱ्यात उभे होते, मानेने 'नको' म्हणत होते. तो क्षण मला अजून तसाच दिसतो. काकांचं ऐकावं तर तुम्ही पुन्हा कधी विचारणार नाही, हे मला कळत होतं. तुमचं ऐकावं तर मी काकांच्या घरात त्यांचा शब्द मोडत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन चेतापेशी काढल्या. मध्ये फट ठेवली.

मी सांगितलं, की मेंदूत एका प्रथिनाचे तुकडे साठतात आणि त्यांचे बारीक पुंजके या फटीपाशी जाऊन बसतात. त्यामुळे पलीकडच्या पेशीत कॅल्शियम चुकीच्या रीतीने शिरायला लागतं. तुम्ही भुवया जवळ आणल्यात. "कॅल्शियम तर शिकतानाही शिरतं. मग चूक कशी?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात काका एकदम पुढे आले. "धो धो आलेलं पाणी वेगळं आणि झिरपणारं वेगळं," ते म्हणाले, "तसं आहे का?" तसंच होतं. एकदम जोरात आत आलं तर पेशी समजते, ही जोडणी कामाची, ती पक्की करा. हळूहळू, सतत झिरपत राहिलं तर उलटा निरोप जातो, ही जोडणी नको, ती सैल करा. निरोप झेलणारी यंत्रणा आत ओढली जाते, पेशीवर जिथे निरोप उतरतो तो इवलासा कोंब आक्रसतो आणि त्या जोडणीचा सांधा जातो. नको ते विसरण्यासाठी मेंदू एरवी जी सोय वापरतो तीच इथे भलत्या ठिकाणी चालू राहते.

तुम्ही चित्र जवळ ओढलंत. मग म्हणालात, "म्हणजे पेशी मेलेली नाही?"

"नाही मॅडम. पुढे मरतात. पण सांधे आधी जातात. तेव्हा पेशी जिवंत असते."

"ऐकलंत का?" तुम्ही काकांना म्हणालात. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी कॉलेजात कधी पाहिला नव्हता. "जिवंत आहे. निरोप पोचत नाहीये, एवढंच."

काका स्टूल ओढून बसले. "म्हणजे ही मुद्दाम करत नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, लक्ष देत नाही म्हणून होतंय. लक्ष दिलं तर जमेल." त्यांनी खाली वाकून कचऱ्यातली मेथीची पानं एकेक करून उचलली आणि धुवायला घेतली.

त्याच दुपारी, मी निघताना, तुम्ही तो प्रश्न विचारलात. "सैल करायचा निरोप गेला, हे समजलं. पण सांधा शेवटी उचलून नेतं कोण?" मी म्हटलं, अजून कुणालाच माहीत नाही. "मग शोध ना," तुम्ही म्हणालात, जणू मी जर्नल अपुरं ठेवलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आले तेव्हा काका दारातूनच आत सांगत होते, "आज गुरुवार आहे, बरं का. इगतपुरी येणार आज." ते आता विचारत नव्हते, सांगत होते. तुम्हाला मागचं काही आठवत नव्हतं. मी पुन्हा पान काढलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी थांबून विचारलंत, "म्हणजे पेशी मेलेली नाही?" आणि पुन्हा तसाच आनंद. मग दर गुरुवारी हेच. काका चहा टाकायचे, मी चित्र काढायची, झिरपणाऱ्या पाण्याचं वाक्य काका आपल्या ठरलेल्या जागी म्हणायचे. तुमच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी होती. कधी तुम्ही मला शेजारीण समजायचात, कधी तुमची धाकटी बहीण, पण चित्र समोर आलं की तुम्ही मॅडम व्हायचात. एकदा घाईत माझ्याकडून फट ठेवायची राहिली, तर लगेच बोट ठेवलंत.

उन्हाळा लागता लागता एका गुरुवारी मी सगळं सांगून संपवलं आणि थांबले. काकाही थांबले. तुम्ही पदराच्या काठाशी चाळा करत राहिलात. प्रश्न आला नाही. काका जरा वेळाने म्हणाले, "चहा गार होतोय," आणि आम्ही दोघांनी तो प्यायला. जूनमध्ये मी परदेशी गेले. तुम्ही गेल्याचं काकांनी फोनवर कळवलं. "शांत गेली," म्हणाले, "सकाळी मी वार सांगितला होता." काकाही आता नाहीत.

तर मॅडम, उत्तर असं. मेंदूत स्वच्छता करणाऱ्या पेशी असतात. कमजोर झालेल्या सांध्यावर एक रासायनिक खूण चिकटते आणि या पेशी ती खूण बघून सांधा गिळून टाकतात. लहानपणी मेंदू घडत असताना जास्तीच्या जोडण्या त्याच काढून टाकतात. तेव्हा ते गरजेचंच असतं. म्हातारपणी या आजारात त्या पुन्हा कामाला लागतात, नको तिथे आणि पेशी जिवंत असतानाच. उंदरांमध्ये ही खूण अडवली तर सांधे वाचतात. माणसांत गेलेलं परत आणणारं औषध अजून नाही. गोड करून सांगत नाहीये.

हे पत्र पाठवायला पत्ताच उरला नाही. इंदिरानगरच्या त्या जागी आता इमारत आहे, आणि तशीही मी ते पाकिटात घालणार नाही. फक्त एक गोष्ट राहिलीय, जी मी घरीही कधी बोलले नाही. या आजाराने लोकांचं काय होतं ते मी रोज बघते, तो थांबावा म्हणूनच सगळं आयुष्य घालवलं. पण आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मला तेच काही महिने आठवतात. कॉलेजात मला तुमची भीती वाटायची. तुम्ही बऱ्या असतात तर मी तुमच्या ओट्याशी बसून तुम्हाला काही शिकवलंच नसतं. आणि शेवटी शेवटी, मॅडम, तुम्हाला मागचा गुरुवार आठवला नाही की मला मनातून थोडं बरं वाटायचं.