निळ्या चौकोनावरचं कुंकू

ए आई,

तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. काचीगुड्यातलं हे घर सोडून मी राहिलेच कुठे? पण कॉलेजचं वर्ष संपत आलंय आणि सरांनी प्रत्येकाला आपल्या चित्रावर एक पान लिहून आणायला सांगितलंय. कुठला रंग, कुठला आकार, का घेतला, ते. सकाळपासून बसलेय. खोटं लिहवत नाही, आणि खरं लिहायचं तर आधी तुझ्याशी बोलायला हवं. तुला जाऊन उद्या महिना होईल.

विषय आठवतो ना? नुसते रंग आणि आकार. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. तू डोकावून म्हणाली होतीस, "हौ का! कॉलेजात घातलं ते चौकोन काढायला? ते तर बालवाडीतली पोरं काढतात." मी हसलेसुद्धा नाही. किती ग मी आखडू!

कोठीच्या बाजारात तेव्हा नुकतेच परदेशी तैलरंग मिळायला लागले होते. ते आणून आठ दिवस खपून मी मोठा निळा चौकोन रंगवला आणि वाळायला भिंतीशी टेकवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बाबांची स्कूटर, तुझी शिलाईमशीन, मिक्सर, सगळ्यांना तू हळदकुंकू लावलंस. माझ्या ब्रशांना लावलंस. आणि चित्रालाही! ओल्या निळ्यावर, बरोबर मधोमध.

काय काय बोलले मी! "तुला रंगातलं काय कळतं?" हेही बोलले. तू म्हणालीस, "अगं, पूजा केली. यावरच तुझं पोट चालायचंय ना?" आणि पदराने पुसायला पुढे आलीस. मी तुझा हात झटकला.

त्यानंतर तू चहा दारातूनच द्यायचीस. 'आत ये' म्हणायला काय झालं होतं मला?

कुंकू खरवडलं, टर्पेंटाइनने पुसलं, तरी डाग राहिलाच. शेवटी चिडून त्यावरच लाल गोल काढला. आणि कॉलेजात चित्रं बघताना सर नेमके तिथेच थांबले! "हा लाल नसता तर चित्र उभंच राहिलं नसतं. कसं सुचलं?" मी म्हटलं, "खूप विचार केला, सर." अख्ख्या वर्गासमोर, मान वर करून.

घरी आले तेव्हा तू भाजी निवडत होतीस. "काय म्हणाले ग सर?" "आवडलं." एवढंच बोलले. वाटलं, सांगू कधीतरी, घाई काय आहे! संक्रांत झाली, आणि एका दुपारी तू छातीला हात लावून खाली बसलीस ती उठलीच नाहीस.

तू तरी का पुन्हा विचारलं नाहीस? भांडायचंस माझ्याशी! तुझ्या गप्प बसण्याचा राग येतो, आणि मग माझाच येतो.

उद्या वर्गात ते पान वाचायचंय. मी वाचणार आहे, की निळा माझा, लाल आईचा; मी तिच्यावर ओरडले आणि शाबासकी मात्र एकटीने घेतली. रडू आलं तर येऊ दे, मार्क गेले तर जाऊ देत. वचन देते, एक शब्द गाळणार नाही.

तीस जणांना सांगेन, आई. तुला एकटीला सांगायचं होतं.

तुझीच,
शुभा