व्याहीबुवांचं पोट आणि चांदीने मढवलेलं खोगीर

मी खाली सही करणारी, कानिशाय तोक्तोसुनोवा, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय संशोधन, राहणार बिश्केक, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असल्यास कुठलीही सोनोग्राफी समोर धरावी, यकृतात गाठ कुठे आहे ते चष्म्याशिवाय सांगेन. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. कामातून सवड झाली नाही.

१. राहतं घर माझी एकुलती एक मुलगी गुलसुन हिला. तिने स्वयंपाकघराची खिडकी मोठी करू नये, थंडी शिरते. हे मी हयातीतही सांगत आले आहे.

२. रोग्यांच्या पोटाची आयुष्यभर जमवलेली चित्रं, एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणि संगणकातली सगळी, माझी विद्यार्थिनी चिनारा हिच्या ताब्यात द्यावीत. आमच्या मेंढपाळांच्या यकृतात पाण्याची गाठ धरते. कुत्रा मेंढीची रोगट कलेजी खातो आणि कुत्र्याकडून तो रोग माणसाला लागतो. मी सुरुवात केली तेव्हा प्रत्येक गाठीभोवती पेन्सिलीने रेघ काढत बसायचे. पुढे संगणकाला ती रेघ काढायला शिकवलं, आणि गाठ जिवंत की मेलेली, म्हणजे आतला जंत अजून जगतोय का, हे ओळखायलाही. आज डोंगरातल्या दवाखान्यात नर्स यंत्र पोटावरून फिरवते आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. काम चांगलं झालं आहे. लाजून सांगायचं माझं वय गेलं. चिनाराने ही चित्रं कुणाला विकू नयेत.

३. माझ्या पहिल्या लेखावर स्वतःचं नाव आधी घालणाऱ्या विभागप्रमुखांच्या वारसांना काही नाही. “बाई, संगणकाला पोटातलं काय कळतंय?” असं ते म्हणाले होते. पुढे त्यांच्याच खुर्चीत मी बरीच वर्षं बसले. कुरकुरते ती.

४. माझ्या कै. यजमानांचं चांदीने मढवलेलं खोगीर माझे व्याही, डोंगरातल्या आत-बाशी गावचे मेंढपाळ बेइशेन यांना द्यावं, पण एका अटीवर. लग्नापासून त्यांचा त्यावर डोळा आहे.

इथे थोडं सविस्तर लिहिते. गुलसुनच्या लग्नात, रीतीप्रमाणे, सोयरीक पक्की करायला व्याह्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटाची चरबी आणि कलेजी भरवायची होती. बेइशेन यांनी कलेजीचा तुकडा पुढे केला. सवयीने मी तो उलटून खिडकीच्या उजेडात धरला. पांढरी गाठ स्वच्छ दिसत होती.

“विहीणबाई, कलेजी आहे ती, एक्स-रे नव्हे!” असं ते भर पंगतीत ओरडले. पंगत खो खो हसली.

“हसा, व्याहीबुवा. पण हे कुत्र्यांना टाकू नका, आणि स्वतःचं पोट एकदा दाखवून घ्या.”

“माझ्या पोटात काय आहे ते माझ्या बायकोला विचारा!”

मी तो तुकडा खाल्ला नाही. तेव्हापासून त्यांच्या लेखी आमची सोयरीक कच्चीच आहे. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.

मात्र गेल्या उन्हाळ्यात घोड्यावर चढताना ते उजव्या बरगडीखाली हात दाबून धरत होते. विचारलं तर म्हणाले, “म्हातारपण हो. तुम्हाला नाही आलं वाटतं?” माणूस हेकट, पण माझ्या नातवंडांचा आजोबा आहे. अशी गाठ फुटली तर माणूस उभ्याउभ्या जातो. मला त्यांची फार काळजी वाटते.

तरी अट अशी: बेइशेन यांनी चिनारासमोर टेबलावर झोपून पोट तपासून घ्यावं, आणि गाठ जिवंत निघाल्यास मुकाट्याने ऑपरेशन करून घ्यावं. तसं न केल्यास खोगीर त्यांचे साडू ओसमोन यांना द्यावं. ओसमोन यांनी त्यावर बसून रोज बेइशेन यांच्या दारावरून जावं.

बिश्केक, दि. ४ मार्च २०२४

पुरवणी

गुलसुनच्या तोंडात तीळ भिजत नाही. कलम चार तिने सासरी सांगितलं आणि त्याच आठवड्यात बेइशेन माझ्या दारात उभे.

“मेल्यावरही छळणार का हो मला, विहीणबाई?”

“जिवंतपणी ऐकलं असतंत तर मेल्यावर कशाला छळलं असतं?”

“पण ओसमोनला? त्या ओसमोनला खोगीर?”

“शोभेल त्यांना.”

ते पाणीही न पिता चिनाराकडे गेले आणि टेबलावर आडवे झाले. मी शेजारीच होते. पडद्यावर संगणकाने रेघ काढली. गाठ मुठीहून मोठी होती, आणि जिवंत.

“हे माझं?”

“तुमचंच.”

“लग्नातल्या त्या कलेजीसारखंच दिसतंय की,” ते म्हणाले. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. सबब कलम चार रद्द समजावं. खोगीर मी माझ्या हाताने त्यांना देऊन टाकलं आहे. या मृत्युपत्रातून आता त्यांना काहीच मिळायचं नाही, म्हणून साक्षीदार व्हायला त्यांची हरकत नाही.

काल ते मेंढी घेऊनच आले. ती कापून शिजवल्यावर कलेजीचा तुकडा काढला, उलटून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा उलटला.

“स्वच्छ आहे, विहीणबाई. खा.”

मी खाल्ला. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

बिश्केक, दि. १९ ऑक्टोबर २०२४

(सही) कानिशाय तोक्तोसुनोवा

साक्षीदार:

१. (सही) डॉ. मेदेत सुलायमानोव, गाठ काढणारे सर्जन, बिश्केक

२. (सही) बेइशेन असानालिएव, व्याही, आत-बाशी