बारा पौंडाचा दोरा

८ फेब्रु., रवि.

केतकीने आज तुषारला घरी आणला. म्हणजे हाच तो. मूळ चांदवडकडचा, घरी कांदा, स्वतः सातपूरला एका कारखान्यात डिझाइनला. चपला बाहेर नीट जोडीने काढल्या. केतकीने पढवून आणलं असणार. हिने केलेली थालीपिठं मागून मागून खाल्ली आणि ही तिथेच पाघळली.

विचारलं, रविवारी काय करता? म्हणाला, "मासे धरतो काका." घरी नेता का? "नाय, सोडून देतो."

सोडून देतो! उजाडायच्या आत उठायचं, पाण्यावर जायचं, मासा धरायचा आणि सोडायचा. मग धरायचा कशाला? माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअर्सला आलेला माल तपासण्यात गेली. अशी उत्तरं देणारे पुरवठादार मी खूप पाहिलेत. आणि धरून सोडून देणाऱ्याला मुलगी द्यायची?

पाडव्याला त्याचे आईवडील बोलणी करायला येणार. तोवर मला हो किंवा नाही ठरवायचंय. केतकी म्हणते, बाबा, तुमचं मन नसेल तर मी पुढे जाणार नाही. हे आणखी अवघड.

निघताना त्याला म्हणालो, मलाही शिकवा. तो खूश. ही माझ्याकडे बघतच राहिली. बघू दे. पाण्याकाठी तासन्‌तास कुणाला नाटक जमत नाही.

१२ फेब्रु., गुरु.

संध्याकाळी तु. बरोबर दुकानात. भद्रकालीत, जाळी-ताडपत्रीच्या दुकानांच्या ओळीत. दुकानदाराने तु.ला बघून मान हलवली. ओळख आहे म्हणजे कमिशनही असेल.

काठी साडेसहा फुटी, मध्यम. रीळ लहान. इथवर वाद नाही. दोऱ्यावर अडलं. दुकानदार म्हणतो विणलेला घ्या, बारीक असून दणकट. मी व्हिडिओत तेच पाहून गेलो होतो. तु. म्हणाला, "नका काका. तुमच्यासाठी साधा नायलॉनचा बरा. बारा पौंडाचा, म्हणजे पाच-साडेपाच किलो झेलतो. थोडा ताणतो, गाठ धरतो, नव्या माणसाचं चुकलं तरी सांभाळून घेतो."

स्वस्तातला का सुचवतो? मी म्हातारा, मला काय कळतंय, म्हणून? की माझे पैसे वाचवून छाप पाडायची? महागातला सुचवला असता तर कमिशन म्हणालो असतो, हे मलाही कळतं. पण म्हणून शंका जात नाही. तिसऱ्या जातीचा एक दोरा पाण्यात दिसतच नाही म्हणे. जो दिसत नाही त्याचे सगळ्यात जास्त पैसे.

शेवटी नायलॉनच घेतला. शिवाय आमिष म्हणून एक फिरतं चकचकीत पातं आणि रबरी बेडूक. धंदाच सगळा फसवण्याचा आहे. मासा त्याला बेडूक समजणार, आणि हा मुलगा मला काय काय समजावणार.

१४ फेब्रु., शनि.

दोरा तपासला. गच्चीच्या गजाला बांधून खाली छोटी बादली, बादलीत हळूहळू पाणी. लेबलाच्या बऱ्याच अलीकडे तुटला. जिन्यावरून हाक मारून हिला दाखवला. हिने टोक बघितलं आणि म्हणाली, "अहो, गाठीत तुटलाय. पायजम्याच्या नाडीची गाठ मारलीत तुम्ही." आणि कुरड्या उलटायला गेली.

मग गाठ न मारता पाइपला वेढे देऊन लावला. आता लेबलापेक्षा जास्त भरला. लेबलापेक्षा जास्त भरणारा माल मी आयुष्यात पाहिला नाही. ह्याचीही शंका येते.

पण एका तुकड्यावर माल पास करायचा नसतो. एकलहऱ्याला क्रेनची साखळी असो की वायररोप, ज्याला वजन टांगायचं ते आधी पूर्ण भार लावून बघायचं, मगच वापरात. तसाच हा सगळा दोरा हात हात करून भारावर घेतला. बादली जवळजवळ भरलेली. अख्खी संध्याकाळ गेली, पाठ धरली, पण कुठेही तुटला नाही. रिळावर गुंडाळला आणि रिळाला लाल शाईचा ठिपका दिला. पास.

तु.ला सांगणार नाही. तपासणी कशी केली हे पुरवठादाराला सांगत नसतात.

१७ फेब्रु., मंगळ.

चांदवडच्या ओळखीच्या आडतदाराला फोन केला. घर चांगलं आहे म्हणाला. कर्ज नाही, भांडणतंटा नाही. "पोरगं तेवढं पाण्यावर जाऊन बसतं बघा." काय करतं? "काय नाय. बसतं." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

नंतर सातपूरला त्याच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. वॉचमनशी बोललो. माणूस चांगला आहे म्हणाला. वॉचमनला सगळेच चांगले.

२२ फेब्रु., रवि.

पहिल्यांदा पाण्यावर. दारणेचा एक डोह, अर्ध्यावर जलपर्णी. तु. म्हणाला, वेलीत टाकायचं नाही, तिथे आपला दोरा टिकणार नाही, मोकळ्या कडेने टाकायचं. गाठ शिकवली. आवळायच्या आधी तिला थुंकी लावायची. मी लावली, पण मनात म्हणालो, हा मला बनवतोय. घरी येऊन शोधलं. खरं आहे. ओली केली की गाठ आवळताना जळत नाही.

दोऱ्यावरून बोटं फिरवून तो थांबला. "काका, हा असा कसा लागतोय हाताला? नवीन ना हा? बदलून घेऊ." आलं! दहा दिवसांत दुसरा दोरा. म्हणालो, असू दे, तपासलेला आहे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग आपली काठी उचलली.

मला काही मिळालं नाही. त्याला एक मरळ लागली, हातभर, काळीशार. आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, मग धरली, गळ काढला, सोडली. हात का ओले केले विचारलं. "कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग ती जगत नाय नीट." हे तो मला ऐकवण्यासाठी बोलला नव्हता. बरं वाटलं. लगेच सावध झालो.

२५ फेब्रु., बुध.

भद्रकालीत एकटाच गेलो. माशाच्या तोंडातला गळ काढायची सोडवणी घ्यायच्या निमित्ताने तु.बद्दल विचारलं. किती दिवस येतो, किती घेतो, एकटाच येतो का. दुकानदार सहज म्हणाला, "कधीकधी एक मॅडम असतात बरोबर. त्यांचा हात जास्त चांगला आहे."

सापडलं.

घरी आलो तो पाय जमिनीवर ठरत नव्हते. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. माझं बरोबर निघालं! केतकी लॅबमधून यायची वाट बघत बसलो. आली तशी समोर बसवली आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं.

तिने पर्स खाली ठेवली. "बाबा, ती मॅडम मी आहे."

वर्षभर जाते आहे त्याच्याबरोबर. रविवारी लॅबला इमर्जन्सी ड्यूटी असते असं आम्हाला सांगून. मी तिच्या ड्यूटीचा डबा भरून द्यायचो सकाळी! विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही मागून आला असतात."

हिला माहीत होतं का ते विचारलं नाही. ही कुरड्यांचा डबा उगाच पुसत उभी होती.

१ मार्च, रवि.

जेवायच्या आधीच लिहायला बसलो.

आज तिघे गेलो. केतकी उघडपणे. गळ टाकायची तिची पद्धत बघत राहिलो. एक शब्द न बोलता टाकते, पातं जिथे हवं तिथेच पडतं.

ऊन चढायला लागलं तेव्हा माझ्या दोऱ्याला हिसका बसला. एवढ्या जोरात की काठी हातातून जाता जाता वाचली. मरळ, मोठी. पाण्याबाहेर एकदा पूर्ण आली. तु. ओरडला, "ओढू नका काका, जाऊ द्या, रीळ सोडेल आपोआप!" मी ओढत नव्हतो. सगळं तो म्हणाला तसं करत होतो, देवाशप्पथ. रीळ फिरत होतं, दोरा सुटत होता. मला तर हसू येत होतं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. आणि मधूनच, काही अडकलं नसताना, टक्. दोरा सैल. मी मागे बसलो.

म्हणालो, बघ, नायलॉन! मी म्हणत होतो विणलेला घेऊ.

तु.ने दोऱ्याचं टोक हातात घेतलं. गाठीत तुटला नव्हता, मधेच तुटला होता. पुढचा सगळा बोटातून ओढून बघितला. जागोजागी पांढरट, वेडावाकडा. "काका, ह्याला कुणी ताणलाय?"

सांगितलं. बादली, पाणी, हात हात करून, सगळं. अभिमानानेच सांगायला सुरुवात केली होती.

ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "नायलॉनला शेवटापर्यंत ताणलं की तो गेला काका. तुटत नाय त्या दिवशी. पण गेलेला असतो." आणि पाण्याकडे बघत, "आता ती तोंडात गळ घेऊन फिरणार."

त्याला राग आलेला मी पहिल्यांदा बघितला. दोऱ्याचा नव्हता, पात्याचा नव्हता. माशासाठी होता. चपला काढून गुडघाभर पाण्यात बराच लांब गेला, वेलीच्या कडेकडेने बघत. कसली सापडते! परत आला तेव्हा पँट चिखलाने भरलेली.

आणि मग, काठ्या आवरताना, माझ्याकडे न बघता: "चांदवडला फोन तुम्हीच केला होता ना? कंपनीच्या गेटवर पण. वॉचमनने सांगितलं मला. मला विचारायचं होतं काका. मी सांगितलं असतं सगळं."

मी तुटका दोरा रिळावर गुंडाळत राहिलो. केतकी गाडीत पुढे बसली होती, एकदाही मागे वळली नाही. मला लाज वाटली. ती कमी व्हावी म्हणून घरी येईपर्यंत त्याच्यात काहीतरी खोट शोधत होतो. सापडली नाही.

८ मार्च, रवि.

रंगपंचमी. गल्लीत पिंप भरून रंग, बाहेर पडायची सोय नाही. तु.चा फोन नाही. केतकी आज कुठेच गेली नाही. डबा भरू का विचारलं, तर दार लावून घेतलं.

ही म्हणाली, "एकदा त्याला फोन करा." मी म्हणालो, करतो. मग वाटलं, मी केला तर तो म्हणेल पाडवा जवळ आला म्हणून केला. नाही केला.

११ मार्च, बुध.

केला. माफ कर म्हणालो. एवढंच पाठ करून ठेवलं होतं, ते बोलून झालं आणि पुढे काय ते सुचेना. तो म्हणाला, "असू द्या काका." असू द्या म्हणजे काय? माफ केलं की विषय संपवला? त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच मला आवडलं नाही. पाडव्याचं मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

गुढी उभारली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, चांदवडची मंडळी धरून केलेलं सगळं. केतकीने नवी साडी नेसली होती.

अकराच्या सुमारास तु.च्या आईचा फोन. हिने स्पीकरवर टाकला. बाई गोड बोलल्या. पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, पोरगी आम्हाला लय आवडली म्हणाल्या. मग: "पण आज नाय येत आम्ही. जरा थांबू. पोरीचे वडील कसे हायेत ते बघायचंय आम्हाला. तुम्ही पण आमची चौकशी केली ना, मग आम्हाला पण करू द्या थोडी."

ही म्हणाली, हो हो, करा ना. दुसरं काय म्हणणार.

केतकीने साडी बदलली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. श्रीखंड तसंच फ्रीजमध्ये. मी तु.कडून काही चूक व्हावी म्हणून इतके दिवस टपून होतो. चूक झाली ती माझी, आणि भोगतेय ही पोर.

२१ मार्च, शनि.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे देवरे भेटले. एकलहऱ्याला बॉयलर सेक्शनला होते, माझ्याबरोबरच रिटायर. म्हणाले, "अहो, तुमच्याबद्दल विचारायला आले होते कोणी. काल. चांदवडकडची माणसं. बराच वेळ बसली."

काय विचारलं?

"सगळंच. स्वभाव कसा, घरात कसे, नोकरीत कसे."

तुम्ही काय सांगितलं?

देवरे हसले. "जे आहे ते सांगितलं." मी तिथेच उभा. आणखी काही बोलतील म्हणून. ते दुधाची पिशवी घेऊन निघून गेले. जे आहे ते म्हणजे काय? देवरेंच्या सेक्शनचे पंपाचे भाग मी एकदा परत पाठवले होते. ते धरून ठेवलं असेल का? की नसेल? हसले का? आणि दूध आणायला एरवी सकाळी जातात, आज संध्याकाळी कसे?

घरी येऊन केतकीला सांगितलं. ती ओट्याशी भाजी चिरत होती. चिरायची थांबली.

"काय म्हणाले देवरे काका?"

म्हणालो, चांगलंच सांगितलं असणार. इतक्या वर्षांची ओळख आहे.

माझ्याकडे बघितलं तिने. मला ओळखता येईना ती काय बघतेय. मग हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि देवरेंकडे स्वतः विचारायला गेली. अजून आलेली नाही.