सात नंबरची पाहुणी

४ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांना शुश्रूषागृहात ठेवून महिना झाला. सात नंबरची खोली छान आहे. दुपारी पडदा हलतो, भिंतीवर उजेड पाण्यासारखा सरकत राहतो आणि हे त्याच्याकडे बघत अर्धे जागे, अर्धे स्वप्नात असतात. मीही बसल्या बसल्या पेंगते.

पण तू केलेल्या त्या सॉफ्टवेअरचं काय सांगू, बाई! दारात कार्ड टेकवलं की भिंतीवरच्या स्क्रीनवर माझा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, पाहुणा. ह्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माणसं विसरले, पण लिहिलेलं अजून खरं मानतात. मला खुर्ची दाखवतात, प्रवास कसा झाला विचारतात, निघताना हात जोडून पुन्हा या म्हणतात. बेचाळीस वर्षांचा संसार, ठके! काल जिन्यात बसून रडले.

लोभ आहेच, तो पाटीवर लिहायला नको.
तुझी आत्या

९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. कोणाला काय करायची मुभा, त्यावरून आम्ही नावं ठरवली: डॉक्टर, परिचारिका, व्यवस्थापक. ज्यांना पगार नाही ते सगळे पाहुणे, असं मीच म्हटलं आणि बैठक आटोपली. सगळ्यांना भुका लागल्या होत्या. अगं, औषधांच्या वेळा बघायची, तक्रार लिहायची मुभा तुला पहिल्यापासून आहे. त्या नावामुळे तू बटणाला हातसुद्धा लावला नसशील.

आता 'अधिकृत नातेवाईक' केलंय. ह्यात घोटाळा होणार नाही.

राग धरू नकोस, माया ठेव.
ठकी

१५ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

झालाच घोटाळा! अधिकृत वाचल्याबरोबर हे ताठ बसले, सदऱ्याची बटणं लावली आणि मला सरकारी अधिकारी समजून, परवान्याचे कागद घरी राहिले म्हणून माझ्यापुढे गयावया करू लागले. आगीतून फुफाट्यात पडले मी.

विचारशील, मग तू तिथे करतेस तरी काय? उशी उलटते, थंड बाजू वर. नखं कापते. झोपेत पुटपुटतात ते ऐकते. बाकी नुसती बसते. पूर्वी हे उंचावर पाटी रंगवायचे तेव्हा मी खाली शिडी धरून उभी असायचे, तसंच. ही कोण, असं कोणी विचारलं की हे वरूनच सांगायचे, ही माझी सोबत.

थकले गं. पण तुझ्यावर रुसले नाही.
आत्या

१८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाव तूच पाठवलंस. सगळ्या खोल्यांत बदललं. हे काय पद झालं, असं साहेबांनी विचारलं. त्यांना तुझं पत्र वाचायला दिलं, मग त्यांनी सही केली. काका काय म्हणतात ते लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझीच,
ठकी

२४ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

काल कार्ड टेकवलं आणि दारातच उभी राहिले. ह्यांनी स्क्रीनवरचं सोबत वाचलं. बोटानं हवेत ती अक्षरं गिरवली, सावकाश, ब्रश धरल्यासारखी. मग माझ्याकडे बघत राहिले. खुर्ची दाखवली नाही. भिंतीकडे सरकले आणि अर्धी खाट मोकळी केली.

मी चपला काढून बसले. उजेड भिंतीवरून उतरेपर्यंत दोघं तो बघत राहिलो. निघायला उठले तर माझा हात धरला आणि विचारलं, मी अजून वरच आहे, तू कुठे निघालीस?

मी परत बसले, ठके.

सुखात राहा.
तुझी आत्या