सोनकीच्या मागे

सोम., १२ जाने.

दरवाजाची करकर अखेर जुळली. आम्ही परत उभा करतोय तो मेघदुर्ग गेम बंद पडला तेव्हा तो काढणारी कंपनीही बुडाली, त्यामुळे मूळ आवाज कुणाकडेच नाहीत. एका जुन्या खेळाडूने त्या काळी कॅमेरा मॉनिटरसमोर धरून शूटिंग केलं होतं, ते त्याने पाठवलं. त्यात पंख्याची घरघर, कुणाची तरी आई "जेवायला ये रे" म्हणतेय, आणि त्यामागे गडाचा दरवाजा. प्रोग्रॅमर सोहमने पंखा पुसला, आई पुसली, करकर ठेवली. अभयच्या डोळ्यांत पाणी. मालक असून असला रडवेला माणूस मी पाहिला नाही. फळ्यावरचं आपलं वाक्य त्याने परत गिरवलं : जसं होतं तसं.

करकर ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. मी मुळातच भित्री भागूबाई. खालच्या वर्कशॉपमध्ये लोखंड पडलं तरी दचकते, सातपूरला चार वर्षं काढूनही.

बुध., १४ जाने.

संक्रांत. गेमची चित्रं काढणाऱ्या तबस्सुमने घरून लाडू करून आणले, आमच्यापेक्षा मऊ.

मीटिंग लांबली. जुन्यांना गड चढायला पूर्वीइतकाच वेळ हवा, नव्या पोरांना तेवढा धीर नाही. ठरलं : चाल तीच, पण नकाशावर बाण द्यायचा. मग मागोव्याचा विषय. एखाद्यावर टिचकी मारली की आपलं पात्र त्याच्या मागे चालू लागणार. नवख्यांना वाट सापडायची नाही म्हणून ही सोय होती. तेव्हा नेट सारखं तुटायचं, म्हणून मागोवा सर्व्हरवरच साठवलेला. कनेक्शन तुटलं तरी मागोवा तुटायचा नाही. आणि ज्याच्या मागे लागलात, त्याला नको म्हणायची सोयच नव्हती.

मी म्हटलं, समोरच्याला विचारायला हवं. आवाज उगाच चिरका निघाला.

अभय : "वैशाली, तेव्हा विचारत नव्हते. आपण गेम सुधारायला बसलोय का?"

तिळगूळ खाऊन सगळ्यांनी गोड बोलूनच माझं म्हणणं उडवलं.

शुक्र., १६ जाने.

जुन्या कंपनीतल्या एका गृहस्थांच्या कपाटातली डिस्क आली. सोहमने ती चाचणीच्या सर्व्हरवर चढवली. गेम बंद झाला त्या क्षणी जो जिथे होता, तो तिथेच उभा. हजारो पात्रं, डोळे मिटून.

माझंही. सोनकी. तळ्याच्या पायरीवर, पिवळी ओढणी.

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली टपरीवर गेले. मला मोह आवरला नाही. जुना पासवर्ड अजून बोटांत होता. तळ्याभोवती एक फेरी मारली, पाण्यात खडा टाकला, बाहेर पडले. कुणाला बोलले नाही. लिहायला लाज वाटते, पण इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ही नोकरी धरली ती ह्याचसाठी. अकरावीत ते एक ठिकाण पूर्णपणे माझं होतं आणि ते माझ्याकडून कुणीतरी काढून घेतलं. मला ते परत हवंय. बस.

शनि., १७ जाने.

अक्षर वाचता आलं नाही तर नंतरच्या वैशालीने समजून घ्यावं.

सोहम आल्या आल्या ओरडला, "एक पात्र आपोआप चालतंय! मालक लॉगिनच नाही!" सगळे त्याच्या स्क्रीनभोवती. मीही. दलदलीतून एक माणूस येतोय. काळी घोंगडी, डोळे मिटलेले. दरवाजा करकरला. बाजारपेठ. मग तळ्याच्या पायऱ्या. शेवटच्या पायरीच्या आधी थांबला. सोनकी काल जिथे उभी होती, तिथून बरोब्बर एक पाऊल मागे.

डोक्यावर नाव : राखणदार.

बाथरूममध्ये जाऊन उलटी झाली. लाडू जास्त खाल्ले म्हणून सांगितलं.

परत आले तर सोहमने उलगडा केलेला. राखणदाराने कधीकाळी सोनकीचा मागोवा घेतला होता आणि तो कधी सोडलाच नाही. दुसऱ्या कुणाचा घेतलाही नाही. तिने गेम सोडला तरी ह्याचा मागोवा तसाच सर्व्हरवर पडून. काल सोनकी जागी झाली आणि हा गडाच्या दुसऱ्या टोकाहून निघाला; रात्री सर्व्हर बंद होता म्हणून आज पोचला. "काय जबरदस्त लिहिलाय राव कोड," सोहम म्हणाला.

रवि., १८ जाने.

नितीन ड्यूटीवर, नवऱ्याला रविवारची सुट्टी नाही. घरात एकटी, दाराला कडी.

कधीच कुठे लिहिलं नाही, आज लिहिते. वडील रेल्वेत, आम्ही मनमाडला क्वार्टरमध्ये. स्टेशनजवळच्या कॅफेत मी खेळायची. राखणदार माझ्या मागे लागला. आधी बरं वाटलं, लढाईत मदत करायचा. नंतर जाईन तिथे तो. नको म्हटलं की, "मी काय करतोय? नुसता मागे तर आहे." मी कुठली, हे त्याला कधी सांगितलं नाही. पण गप्पांत लिहून जायचे, आज अमुक गाडी लेट, भोंग्याने डोकं उठलंय. त्यावरून त्याने गाव काढलं.

एक दिवस कॅफेवाले काका म्हणाले, "तुझा भाऊ येऊन गेला गं. किती वाजता येते, विचारत व्हता."

मला भाऊ नाही.

त्यानंतर गेम बंद, कॅफे बंद. स्टेशनच्या बाजूने जाणंही बंद. वडिलांना वाटलं, पोरगी अभ्यासाला लागली. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते त्यांचे. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पाहिला असता तर बरं झालं असतं. चेहरा नसला की कुणाचाही असू शकतो.

मंगळ., २० जाने.

सोनकीला कुणी जागं केलं, हे सोहमने शोधलंच. माझा पीसी. "तू सोनकी? आणि गप्प बसलीस?" मला वाटलं, संपलं. तर त्याने मिठाईच मागवली.

अभयच्या डोक्यात आता व्हिडिओ. डोळे मिटलेला राखणदार दलदलीतून चालत येतोय, खाली ओळ : 'इतकी वर्षं वाट पाहणारा साथी.' पाहून पुन्हा रडला. सोहमही हळवा. एकटी तबस्सुम हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाली, "पण तिला विचारलं का कोणी, तिला चालतं का हा मागे आलेला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायची वेळ ती होती. मी हसले. हसले!

गुरु., २२ जाने.

व्हिडिओ काल टाकला. जुने लोक वेडे झालेत. 'असं प्रेम आता राहिलं नाही.' 'निष्ठा शिकावी तर याच्याकडून.' एका बाईने लिहिलंय, पाहून नवऱ्याला फोन केला. मी प्रत्येक ओळ वाचली, आणि प्रत्येक ओळीला वाटत गेलं की गावच्या गाव त्याच्या बाजूने उभं आहे.

शुक्र., २३ जाने.

त्याचा मेसेज आला. 'ते पात्र माझं आहे. सोनकी कशी आहे?'

आमची पद्धत अशी की जुनं नाव परत हवं असेल तर त्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. सोहमने विचारलं, त्याने सगळं बरोबर सांगितलं. मग सोहमने आपणहून, चांगल्या मनाने, त्याला लिहिलं : 'सोनकी आमच्याच टीममध्ये आहे. आठ तारखेला नाशकात जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे, तिथे भेट होईलच.'

मला दाखवत होता. "सरप्राइज ठेवणार होतो, पण राहवलं नाही." शाबासकीची वाट बघत उभा. त्याचा राग येत नाही, हेच वाईट. ह्या लोकांना जुनी माणसं एकमेकांना भेटवायची इतकी सवय झालीय की कुणाला कुणापासून लपायचं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

घरी येताना अंबडपासून एक मोटरसायकल मागे. कुंभासाठी रस्ते खोदलेत, सगळे एकाच बोळातून जातात, मागे कुणीतरी असणारच. तरी पाथर्डी फाट्याला गाडी बाजूला घेतली. तो पुढे निघून गेला, हँडलला मेथीची जुडी. मी तिथेच उभी राहून रडले.

रवि., २५ जाने.

नितीनला सांगितलं. भीती वाटत होती की म्हणेल, नोकरी सोड. तो घोटीकडचा, रागावला की गावचं बोलणं बाहेर येतं.

"इतकी वर्षं तू हे एकटीच घेऊन बसली? मला सांगायचं नाय का?"

मग भांडी घासायला लागला. माझी पाळी होती.

"सोडू का नोकरी?"

"तू का सोडशील? तो काय तुला पगार देतो?" आणि थोड्या वेळाने, "आठ तारखेला मी येतो. लय झालं."

मंगळ., २७ जाने.

अभयला सांगितलं. तबस्सुमला शेजारी बसवून घेतलं. मनमाडचा कॅफे, तो भाऊ, सगळं. अभय आधी म्हणाला, "पण आता तो केवढा मोठा झाला असेल." तबस्सुमने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं गिळून बसला. पाच मिनिटांनी स्वतः उठून व्हिडिओ काढला. नाव परत देणार नाही, मेळाव्याला येऊ नको, असं त्याला लिहिलंही. फळ्यावरचं वाक्य पुसलं नाही, पण त्याकडे पाठ करून बसला.

सोहम तोंड लपवत फिरतोय. जेवताना एवढंच म्हणाला, "मागोवा मी नव्याने लिहितो. विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या मागे जाणार नाही."

व्हिडिओ कुठे गेला म्हणून लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडलाय. पाडू देत.

गुरु., ५ फेब्रु.

त्याचं उत्तर. अभय दाखवायला तयार नव्हता, मी हट्टाने वाचलं.

'समजू शकतो. तिचा गैरसमज झाला असावा. मी येणार नाही. तिला सांगा, मी फक्त काळजी घेत होतो.'

एकही वाकडा शब्द नाही. पोलिसांत जाऊन काय दाखवणार? काळजी घेणारा माणूस? शिवी दिली असती तर मी आज झोपले असते.

रवि., ८ फेब्रु.

गंगापूर रोडवरचा हॉल. हॉल भरला, बहुतेक पुरुष, पोटं सुटलेली, केस गेलेले. प्रत्येकाच्या छातीवर जुन्या नावाची चिठ्ठी : वाघनख, तोफखाना, मिसळसम्राट. एकमेकांना मिठ्या मारत होते. छान दृश्य होतं, खरंच. आणि मी प्रत्येक चेहरा बघत होते. चिठ्ठीवर कुणीही काहीही लिहू शकतो. दाराशी कोण विचारतंय?

नितीन शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनच.

मी माइकवर गेले. म्हटलं, मी सोनकी. उद्यापासून मागोवा विचारून घ्यायचा, समोरच्याने हो म्हटलं तरच. कारण सांगितलं. नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. वडिलांनाही न सांगितलेलं अनोळखी लोकांना सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग तो मेघदुर्ग कसला?" दोघे-तिघे हसले. बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई उठून आली, माझा हात धरला आणि जाऊन बसली.

तो आला होता का? माहीत नाही. कदाचित टाळ्या वाजवणाऱ्यांतच असेल.

सोम., ९ फेब्रु.

दुपारी सर्व्हर सगळ्यांसाठी उघडला. अभयने नारळ फोडला, पाणी सोहमच्या कीबोर्डवर.

मी सोनकीला घेऊन तळ्याशी गेले. तबस्सुमने पाण्याचा रंग अगदी तसाच आणलाय. मागे कुणी नाही. वळून वळून पाहिलं.

मग विनंत्या यायला लागल्या. 'अमुक आपला मागोवा घेऊ इच्छितात. हो / नको.' कालच्या भाषणाने सगळ्यांना सोनकी ठाऊक झालीय, प्रत्येकाला तिच्यासोबत चालायचंय. राखणदाराचं खातं बंद आहे, पण नवं खातं काढायला काय लागतं? म्हणून प्रत्येक नाव वाचत होते. नको. नको. नको. सोहमने बनवलेलं ते बटण मी इतक्यांदा दाबलं की तो हसून म्हणाला, "झिजवशील." हसले मीही, ह्या वेळी खरंच.

मग एक आली. नवं खातं, आजच काढलेलं, नाव चिमणी१४. सोबत ओळ :

'ताई, मी नवीन आहे. दलदलीत अडकले. वाट सापडत नाही. येऊ का तुमच्या मागे?'

असेल एखादी पोरगी. आठवी-नववीतली, कुठल्यातरी गावात मोबाइल घेऊन बसलेली. हे सगळं आम्ही उभं केलं ते अशाच कुणासाठी. किंवा मला काय लिहिलं की मी विरघळेन, हे पक्कं ठाऊक असलेला कुणीतरी.

तबस्सुमला हाक मारली. तिने वाचलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

'येऊ का?' परत आलंय.

दोन्ही बटणं समोर आहेत. मी अजून कुठलंच दाबलेलं नाही.